जोडीची दुसरी

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी टिटवाळ्याला परतलो. घरात शिरतो तो बाहेरच्या खोलीत पंचविशीतला एक तरुण खुर्चीच्या कडेला अवघडून बसलेला. मला पाहताच तो उठून उभा राहिला.

"अस्सलामु अलैकुम, सर. ओळखलंत?"

नाव आठवायला थोडा वेळ लागला, पण चेहरा लगेच ओळखला. आठवीच्या वर्गात खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसणारा मुलगा. मास्तराच्या आयुष्यात असे प्रसंग वरचेवर येतात. कुणी लग्नाची पत्रिका घेऊन येतो, कुणाला दाखला हवा असतो, कुणी आखातात जाण्यापूर्वी भेटून जातो. मी मनात अंदाज बांधत होतो. त्याने जे सांगितले ते मात्र कुठल्याच अंदाजात बसणारे नव्हते.

"सर, एका साहेबांना सल्ला लिहून द्यायचाय. त्यांच्याकडे एक स्पोर्ट्‌स कार आहे. जोडीला दुसरी घ्यायचीय. कोणती घ्यावी, ते त्यांनी मला विचारलंय."

मला हसू आले. म्हटले, "अरे, मी उर्दू शाळेचा मास्तर. माझ्याकडे एक बारा वर्षांची मोटरसायकल आहे, तीही सकाळी दोनदा किक मारल्याशिवाय उठत नाही. मी काय सांगणार?"

"गाड्यांचं मी सांगतो, सर. तुम्ही फक्त नीट लिहून द्या. साहेब म्हणाले, तोंडी नको, विचार करून कागदावर दे. माझं मराठी लिहिणं तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होते. त्याच्या वह्या मीच तपासल्या होत्या. आम्ही बोलत होतो घरच्या उर्दूत. इथे ते मराठीत मांडतो आहे.

आधी त्याच्या कामाविषयी सांगायला हवे. दहावी झाल्यावर तो एका गॅरेजात लागला, आणि तिथून ठाण्यातल्या एका डिटेलिंगच्या दुकानात. महागड्या गाड्यांना पॉलिश करणे, त्यांच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवणे, आतले चामडे साफ करणे हा या दुकानांचा धंदा. त्या फिल्मला कारागीर पीपीएफ म्हणतात. एका गाडीला ती चढवायला काही दिवस लागतात, आणि हात कुठे घाईने फिरला तर आत बुडबुडा राहतो. तो बोलत असताना मी त्याचे हात पाहत होतो. नखे अगदी कापलेली, बोटात अंगठी नाही, मनगटाला घड्याळ नाही. कमरेला पट्टासुद्धा नव्हता. म्हणाला, "बक्कल घासलं तर रंगावर ओरखडा येतो, सर. आता सवयच झालीय, सुट्टीच्या दिवशीही घालत नाही."

टिटवाळा हे मुंबईपासून ६४ किलोमीटरवर, कसाऱ्याच्या वाटेवरचे स्टेशन. अंगारकीला महागणपतीच्या दर्शनाला येणारी गर्दी सोडली तर इथला रस्ता रिक्षा, दुचाक्या आणि पाण्याचे टँकर यांचाच. कोटी कोटीच्या गाड्यांशी आमचा संबंध तो एवढाच, की आमच्या वस्तीतली मुले त्यांना हात लावून कामावरून घरी येतात. बनेलीतला, बल्याणीतला, मोहन्याचा असा कुणी ना कुणी पोरगा ठाण्यामुंबईच्या गॅरेजात पत्रा ठोकतो, रंग मारतो, वायरिंग करतो. रात्री शेवटच्या गाड्यांनी परततो. त्या गाड्या कुणाच्या, हे तो सांगत नाही. आपणही विचारत नाही.

त्या दिवशी मात्र मी विचारले. साहेबांची पहिली गाडी पोर्शे ९११ होती. चहा आला, मी कागद पुढे ओढला आणि म्हणालो, "बोल. दुसरी कुठली?"

तो म्हणाला, "असं नाही, सर. आधी पहिलीचं लिहा."

इथे मला माझे नाना आठवले. अम्मीचे वडील. मुरबाड तालुक्यात त्यांची थोडी भातशेती होती आणि दावणीला एक जोडी. जोडीतला एक बैल दगावला की नाना पौष पौर्णिमेच्या म्हसा जत्रेची वाट बघत. म्हशाचा गुरांचा बाजार आजही मोठा भरतो. लोक तिथे घोंगड्या घेतात, बैल घेतात. नाना दुसरा बैल आणायला जाताना उरलेला बैल सोबत चालवत नेत. लहानपणी मला हे विचित्र वाटे. विकायचा नाही तर न्यायचा कशाला? नाना सांगत, "जोडीचा बैल माणसानं निवडायचा नसतो. पहिल्याच्या शेजारी उभा करून बघायचा. हा डावीकडं ओढतो, तर त्याला उजवीकडं धरणारा पाहिजे. हा तापट, तर तो थंड पाहिजे. दोन्ही ताकदवान आणले आणि दोन्ही एकाच बाजूला ओढायला लागले, तर नांगर बांधावर जातो." बाजारातला सगळ्यात देखणा बैल सोडून नाना कधी कधी साधाच बैल घेऊन येत, आणि गावातले लोक हसत.

माझा विद्यार्थी तेच सांगत होता. पहिलीचं आधी लिहा.

मग त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, माझ्याच एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर तीन लांबट चौकोन काढले आणि समजावू लागला. "हे बघा, सर. गाडीत इंजिन कुठे बसलंय, त्यावर तिचा स्वभाव ठरतो. पुढे असलं तर वजन पुढे. मधे, म्हणजे सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या अलीकडे असलं, तर गाडी वळणावर पटकन फिरते. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. १९६३ साली ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून ते तिथंच आहे. सहा सिलिंडर, तीन इकडे, तीन तिकडे, आडवे झोपवलेले. पुढे इंजिन नाही, म्हणून पुढे सामान ठेवायला जागा. मागे दोन छोट्या सीटा, पोरं बसतील एवढ्या. ही स्पोर्ट्‌स कार असूनही रोज ऑफिसला नेता येते. म्हणजे सर, ही गाडी जवळजवळ सगळं करते. अशीच्या जोडीला दुसरी निवडणं जास्त अवघड."

मी लिहीत गेलो. सवयीने मधे मधे त्याला प्रश्नही विचारत गेलो. मग त्याने एकेक पर्याय घेतला.

पहिला पर्याय, ९११ चीच तापट बहीण, जीटी३. चार लिटरचे इंजिन, टर्बो नाही, मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जाणारे. शर्यतीच्या मैदानासाठी बनवलेली. "चांगली आहे, सर. पण एकाच आईच्या दोन लेकी. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसणार, आणि आत बसल्यावरही पुढचं दृश्य तेच."

दुसरा पर्याय फेरारी रोमा. इंजिन पुढे, आठ सिलिंडर, टर्बो, लांब प्रवासाची गाडी. "दिसायला सुंदर. पण लांबच्या प्रवासाचं काम पोर्शे करतेच आहे. एका कामाला दोन माणसं ठेवल्यासारखं होईल."

तिसरा लॅम्बोर्गिनी उरुस, जी २०१८ च्या जानेवारीत भारतात आली. उंच, पाच दारांची, खड्ड्यांना न भिणारी. "ती घेतली तर साहेब पावसाळ्यातही फिरतील. पण मग दुसरी स्पोर्ट्‌स कार म्हणू नये, जोरात पळणारी जीप म्हणावं." चौथी पोर्शेचीच विजेवरची टायकान. चार दारे, आवाज नाही. "साहेबांना आवाज पाहिजे असतो, सर. दुकानात आले की गाडी लगेच बंद करत नाहीत."

पाचवी लॅम्बोर्गिनी हुराकान. इंजिन मधे, दहा सिलिंडर, ५.२ लिटर, टर्बो नाही. दोनच सीटा, सामानाला पिशवीएवढी जागा. २०२४ मध्ये तिचे उत्पादन संपत आले होते आणि तिच्या जागी येणाऱ्या टेमेरारिओत आठ सिलिंडर, टर्बो आणि जोडीला विजेच्या मोटरी होत्या. म्हणजे ती घ्यायची तर वापरलेलीच बघावी लागणार. "पोर्शे जे जे करते, ते ही करत नाही. आणि पोर्शे जे करत नाही, तेवढंच ही करते," तो म्हणाला. हे वाक्य मी जसेच्या तसे उतरवून घेतले. मराठीच्या पेपरात मी त्याला कधी पस्तीसच्या पुढे गुण दिले नव्हते.

त्याच्या बोलण्यात रस्ताही होता. नुसती गाडी नव्हती. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून २५ च्या वेगाने गाडी सहज जावी असा त्याचा हिशेब असतो. पण आपल्याकडे गल्लीगल्लीत डांबराचा जो उंचवटा घातलेला असतो तो अरुंद आणि उभा. स्पोर्ट्‌स कारचे पोट जमिनीपासून जेमतेम अकराबारा सेंटिमीटर वर. म्हणून काही गाड्यांना पुढचा भाग बटण दाबून उचलायची सोय असते. पोर्शेत तो चार सेंटिमीटर वर जातो. ही सोय नसलेली गाडी घेऊ नका, असे त्याने मला ठळक लिहायला लावले.

मग पैशांचा हिशेब आला. त्या वर्षी ४० हजार डॉलरपेक्षा महाग अशी तयार गाडी परदेशातून आणली तर मूळ सीमाशुल्कच १०० टक्के होते. त्यावर जीएसटी, त्यावर सेस. महाराष्ट्रात मोटार वाहन कराला तेव्हा २० लाखांची कमाल मर्यादा होती. १ जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली. ती २० लाखांची मर्यादा लिहिताना माझा हात थबकला. आमचे टिटवाळ्याचे घर मी ज्या कर्जावर घेतले, त्याचा आकडा यापेक्षा फार मोठा नव्हता. वाचकहो, खोटे कशाला सांगू, मनात कडवटपणा आलाच. पण समोर बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर तो नव्हता. तो गाडीकडे किमतीच्या बाजूने बघतच नव्हता. एखादा हकीम नाडी धरून बसावा, तसा तो बोलत होता.

"आणि सर, एक लिहा. दुसरी घेतली की पहिलीही निम्मी उभी राहते. उभी गाडी खराब होते. बॅटरी उतरते, चार्जरला लावून ठेवावी लागते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. चालवली नाही तरी टायरचं वय वाढतं; त्याच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पावसाळ्यात आतल्या चामड्याला बुरशी धरते. साहेबांना रविवार एकच आहे. दोन गाड्यांना दोन रविवार कुठून आणणार?"

मी त्याच्या चौकोनांकडे बघत होतो. मधल्या चौकोनाला त्याने बोलता बोलता चाके काढली होती, छताची रेघ ओढली होती. ती रेघ मी पूर्वी कुठेतरी पाहिली होती. आणि एकदम मला ते पान आठवले.

२०१३ चा नोव्हेंबर. सचिन तेंडुलकर वानखेडेवर शेवटची कसोटी खेळला तो आठवडा. १६ तारखेला तो निवृत्त झाला आणि आमच्या वर्गात दोनतीन दिवस दुसरा विषयच नव्हता. मुलांमध्ये चर्चा त्याच्या धावांची जितकी, तितकीच त्याच्या लाल फेरारीची. त्या गाडीची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांशी सचिनने २००२ मध्ये बरोबरी केली, आणि फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाखरच्या हस्ते ती त्याला मिळाली. भारतात आणायची तर सीमाशुल्कच एक कोटीच्या वर. सरकारने २००३ मध्ये ते माफ करायचे ठरवले, त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि शेवटी शुल्क फियाटनेच भरले. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. पुढच्या वर्षी 'फेरारी की सवारी' हा चित्रपट आला. आमच्या मुलांच्या लेखी मात्र २०१३ मध्येही ती सचिनचीच होती.

मी इतिहास शिकवत होतो. हा मुलगा खाली मान घालून काहीतरी काढत होता. मी वही ओढली. शेवटच्या पानावर लाल खडूने रंगवलेली फेरारी, आणि तिच्या शेजारी नुसती चार चाके. वर गाडी नाही. खाली उर्दूत लिहिलेले, "दुसरी कोणती?"

मी ते पान फाडले. चार तुकडे केले. "गाड्यांची चित्रं काढून पोट भरणार आहे का तुझं?" असे काहीतरी बोललो. वर्ग हसला. मारले नाही, शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदी आहे, हे मला पक्के ठाऊक होते. पान फाडायला कायद्यात बंदी नव्हती. तेव्हा मी पंचविशीत होतो, बी.एड. होऊन दोनतीन वर्षे झाली होती. बुद्धी एका प्रकारची नसते, अनेक प्रकारची असते, असे हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडले, त्यावरचा प्रश्न मी बी.एड.च्या परीक्षेत पाठ करून लिहिला होता आणि चांगले गुणही मिळवले होते.

मी पेन खाली ठेवले. विचारले, "तुझ्या वहीचं एक पान मी फाडलं होतं. आठवतं?"

तो ओशाळून हसला. जणू चूक त्याचीच होती. "हो, सर."

"त्यात दुसऱ्या गाडीची जागा तू मोकळी का ठेवली होतीस?"

"मला दुसरी ठाऊकच नव्हती, सर. पेपरात एकीचाच फोटो आला होता."

"ते पान मी फाडायला नको होतं."

"घरी जाऊन परत काढलं होतं, सर," तो म्हणाला. आणि लगेच, विषय माझ्यासाठीच बदलावा तसा, बोलू लागला, "नंतर कळलं, सचिनकडे निस्सान जीटी-आर होती. बघा, जोडी कशी बरोबर. फेरारीचं इंजिन मधे, सीटा दोन, ओढ मागच्या चाकांना. जीटी-आरचं इंजिन पुढे, सहा सिलिंडर, टर्बो दोन, ओढ चारही चाकांना, आणि मागे दोन छोट्या सीटा. एक उन्हातली, एक पावसातली. मग २०१५ मध्ये भारतात बीएमडब्ल्यूची आय८ आली, तीही त्याने घेतली. ती अर्धी पेट्रोलवर, अर्धी विजेवर. कुठलीच गाडी दुसरीच्या जागेवर बसत नाही."

सचिनने असा विचार करून त्या घेतल्या की नाही, अल्लाह जाणे. पण अकरा वर्षे या मुलाने त्या मोकळ्या चार चाकांवर विचार केला होता, हे मला समोर दिसत होते.

मजकूर संपत आला, तेव्हा तो म्हणाला, "आता शेवटचं, सर. हे लिहू की नको, कळत नाही. साहेबांच्या पोर्शेचं आतलं चामडं मीच साफ करतो. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड झिजलीय. उतरता चढता घासते ती. शेजारची सीट कोरी आहे. तीन वर्षं झाली गाडीला. मॅटवर पावलाचा ठसा नाही. मागच्या सीटांना तर कंपनीचा वास अजून आहे. म्हणजे सर, त्यांच्या शेजारी कुणी बसतच नाही. मग दुसरी गाडी घेऊन पहिलीत काय कमी आहे ते कसं भरणार?"

मी म्हटले, "हे लिहू नकोस. गिऱ्हाईक आहे ते. तुझ्या मालकाचं गिऱ्हाईक. रागावले तर तुझी नोकरी जाईल."

"मग बाकीचं कशाला लिहायचं, सर? इंजिन कुठंय, किती घोड्यांचं आहे, ते तर त्यांना कुणीही सांगेल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही बराच वेळ शब्द शोधले. मास्तर म्हणून माझा उपयोग झाला असेल तर तो तेवढाच. कोऱ्या सीटचा उल्लेख आम्ही केला नाही. शेवटी तीन प्रश्न लिहिले. पहिलीला काय जमत नाही? दुसरी कुठल्या रस्त्यावर, कुठल्या दिवशी चालणार? आणि तिच्यात तुमच्या शेजारी कोण बसणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावरच गाडी निवडावी, आणि निवडताना त्या माणसाला सोबत न्यावे. हे शेवटचे वाक्य मी घातले. ते खरे तर नानांचे होते.

दोन पाने झाली. त्याने खाली आपली सही केली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुढची लोकल गाठायला निघाला.

तो गेल्यावर बायको आतून बाहेर आली. तिने सगळे ऐकले होते. "पत्र छान लिहिलंत," ती म्हणाली. एवढेच. पण त्या 'छान'मध्ये काय होते ते मला कळले.

आमच्याही घरी त्या दिवसांत दुसऱ्या गाडीचा विचार चालू होता. गाडी म्हणजे दुचाकी. मी बुलेट बघून आलो होतो, दोनदा. काळी, ३५० सीसीची. तारुण्यात घ्यायची राहून गेली, आता थोडे पैसे साठले होते. जुनी मोटरसायकल होतीच, तिच्या जोडीला बुलेट. बायको भिवंडीला एका शाळेत शिकवते. सकाळची शाळा. तिला सव्वासहाची गाडी पकडावी लागते आणि त्या वेळी आमच्या वस्तीतून शेअर रिक्षा भरत नाही. मी तिला स्टेशनवर सोडतो, परत येतो, मुलाला तयार करतो. मला बरे नसले की ती चालत जाते. अंधारात, पाऊस असला तर छत्री घेऊन, कुत्र्यांना चुकवत. तिला गिअर असलेली गाडी येत नाही. माझी जुनी तिला चालवता येत नव्हती, आणि मी जी घेणार होतो ती तर तिला उभीही करता आली नसती.

म्हणजे माझ्या घरातही दुसऱ्या गाडीच्या नावाखाली मी पहिलीच पुन्हा घेत होतो, जरा मोठा आवाज करणारी. दुसऱ्याच्या सीटवरची झीज बघणारा मुलगा माझ्या दारातून आत येताना माझ्या मोटरसायकलशेजारून आला होता. तिच्या मागच्या सीटचे रेक्झिन फाटून स्पंज बाहेर आलेला आहे. त्याने पाहिले असणारच. बोलला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे कल्याणला गेलो. स्कूटर तिने निवडली. मी रंगाविषयी काही बोलायला गेलो, तर तिने नुसते पाहिले. मी गप्प बसलो. महिनाभर मोकळ्या मैदानात सराव केला. पहिल्यांदा ती एकटी स्टेशनला गेली त्या सकाळी मी दारात उभा होतो. मागचा लाल दिवा वळणापर्यंत दिसत राहिला.

त्या साहेबांचे काय झाले, हे विचारायला मी फोन केला नाही. मला भीती होती. फेब्रुवारीत त्याचाच आला. साहेबांनी पत्र वाचून काही न बोलता खिशात घातले होते. दोन महिने दुकानात आले नाहीत. हा घाबरून होता. मग एका रविवारी पोर्शे धुवायला घेऊन आले, आणि शेजारच्या सीटवरून त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी उतरली. मॅटवर चिखल होता. "इतका चिखल, सर," तो फोनवर सांगत होता, "मला साफ करायला अर्धा तास लागला." त्याच्या आवाजात जो आनंद होता, तो शंभर टक्के सीमाशुल्कातही मावला नसता.

गाडी त्यांनी पुढे मेअखेर घेतली. वापरलेली हुराकान, पण छत उघडणारी, स्पायडर. १७ सेकंदांत छत मागे जाते, आणि गाडी पन्नासच्या वेगात असेपर्यंत चालता चालताही उघडते. मुलीने निवडली. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. आमणे भिवंडी तालुक्यात; आमच्याकडून फार लांब नाही. त्यानंतर एका पहाटे बापलेक त्या रस्त्याने इगतपुरीपर्यंत जाऊन आले. १२० ची मर्यादा पाळली, असे साहेबांनी याला मुद्दाम सांगितले. याला का सांगितले असेल? मला वाटते, त्या दोन पानांखाली ज्याची सही होती, त्याला हिशेब देणे त्यांना गरजेचे वाटले असावे.

पत्रात तीन प्रश्न होते. पहिल्या दोघांची उत्तरे कुठल्याही शोरूममधला माणूस देऊ शकला असता. तिसरा विचारायला एक कारागीर लागला, ज्याला मी एकदा सगळ्या वर्गादेखत गप्प केले होते.

या वर्षापासून मी माझ्या वर्गात एक नियम केला आहे. वहीचे शेवटचे पान मी तपासत नाही. ते त्या मुलाचे. फक्त कुणी काही काढले असेल आणि दाखवावेसे वाटले, तर बघतो. परवा एका मुलीने जेसीबी काढून आणला होता. बकेटचे दात मोजून, एकेक रेघ ठसठशीत. मी विचारले, "दात पाचच का?"

तिने मला वर्गाच्या खिडकीशी नेले. बाहेर रस्त्याचे काम चालू होते. आम्ही दोघांनी दात मोजले.